बाळंतिणीला वर्षभर कसं सांभाळायचं: नैराश्याचा धोका असताना घरच्यांनी करायची कामं

हा लेख बाळंतिणीच्या घरच्यांसाठी आहे. नवरा, आई, सासू, बहीण, नणंद, म्हणजे पुढचं वर्षभर जे जे तिच्या आसपास असतील त्यांच्यासाठी. तिने स्वतः वाचला तर उत्तमच, पण यातली बहुतेक कामं तुम्हाला करायची आहेत.

मला पहिल्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. घरात माणसं होती, डिंकाचे लाडू होते, मालिशला बाई येत होती, तरी आलं. दुसऱ्या खेपेला ते परत येण्याची शक्यता जास्त असते असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने, आईने आणि सासूबाईंनी एकत्र बसून सगळं आधी ठरवलं. दोन्ही वेळचा फरक मी स्वतः अनुभवला आहे आणि माझं त्यावरून ठाम मत झालं आहे. आपल्याकडे बाळंतिणीची सगळी काळजी पहिल्या सव्वा महिन्यात घेतली जाते आणि मग ती एकदम थांबते. नैराश्य मात्र बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, आणि पुष्कळदा ते कळून येतं तोवर मदतीला आलेली माणसं आपापल्या घरी गेलेली असतात. म्हणून तीच मदत वर्षभर पुरवून वापरायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

हे क्वचित होणारं दुखणं आहे असं समजू नका. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आला. त्यात वीस हजारांहून जास्त माता होत्या आणि साधारण २२ टक्क्यांना बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं. म्हणजे पाचांत एकीला.

१. डोहाळजेवणाच्या सुमारास बोलून घ्या

बाळ होईपर्यंत थांबू नका. गोव्यात २७० मातांचा एक अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गर्भारपणातच मनाचा लक्षणीय त्रास सुरू झालेला होता. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. सातव्या महिन्यात ती गप्प गप्प असेल, तिला रात्री झोप लागत नसेल, बाळाचं काही बोललं की डोळे भरून येत असतील, तर ‘पोटुशी आहे, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका.

धोका कोणाला जास्त असतो, ते आधी पाहून ठेवा:

- जिला पूर्वी कधी नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार झाला आहे, किंवा जिच्या आई-बहिणीला झाला होता
- जिचं आधीचं मूल गेलं आहे, गर्भपात झाला आहे, किंवा या वेळचं बाळ दिवस भरण्याआधी जन्मून काचपेटीत आहे
- जिच्या घरात पैशाची ओढाताण आहे, नवऱ्याशी पटत नाही, किंवा मारहाण होते
- जिच्यावर ‘मुलगाच हवा’ हा दबाव आहे
- जी परक्या गावात एकटी आहे

शेवटून दुसऱ्या मुद्द्याबद्दल जरा सविस्तर सांगते. गोव्याच्या त्याच अभ्यासात दिसलं की घरात मारहाण किंवा उपासमार असेल आणि त्यात मुलगी झाली, तर आईच्या नैराश्याचा धोका आणखी वाढतो. आपल्याकडे दवाखान्याच्या दारातच ‘पेढे की बर्फी?’ असं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण आत खाटेवर पडलेल्या बाईला ते ऐकू जातं. दुसरी मुलगी झालेल्या बाईला तर चार दिवस येणारा प्रत्येक जण सांत्वन करायला आल्यासारखा भेटतो. या बाबतीत घरातल्या मोठ्या माणसानेच पाहुण्यांना दारात सांगावं: आनंदाने बोलणार असाल तरच आत या.

या बैठकीत तिच्यासमोर तीन गोष्टी ठरवा. रात्री बाळाला कोण घेणार, माहेरी किती दिवस आणि त्यानंतर कोण, आणि तिला बरं वाटत नसलं तर ती घरातल्या कोणाला सांगणार. तिसऱ्याचं उत्तर तिलाच द्यायला लावा. ती आईऐवजी नणंदेचं नाव घेईल, मैत्रिणीचं घेईल. आईने ते मनाला लावून घेऊ नये.

२. एका पिशवीत ठेवायचे कागद

ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून हे एकत्र ठेवा:

- माता-बाल संरक्षण कार्ड आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड
- गर्भारपणातले रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, त्यात काढे आणि आयुर्वेदिक औषधंही
- पूर्वी मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार झाले असतील तर ती जुनी चिठ्ठी
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आरोग्य विम्याचं किंवा सरकारी योजनेचं कार्ड
- एक साधी वही. तिने रात्री सलग किती तास झोप घेतली, जेवली का, दिवस कसा गेला, एवढं रोज दोन ओळींत लिहायचं. लिहिणारा घरचा असावा. तिच्यावर हे आणखी एक काम टाकू नका.

वहीचं महत्त्व डॉक्टरकडे गेल्यावर कळतं. ‘कधीपासून असं होतंय?’ या प्रश्नाला घरातली तीन माणसं तीन उत्तरं देतात.

३. झोप: सगळ्यात मोठी मदत

मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. नव्या आईची झोप तुकड्यातुकड्यांत होते आणि आठवडेच्या आठवडे अशी तुकड्यांची झोप मन पोखरते. चोवीस तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास तिला झोपू द्यायचं, हे घराचं काम समजा. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण बाळ झोपतं तेव्हाच तिला आंघोळ करायची असते, जेवायचं असतं, आणि नेमके त्याच वेळी पाहुणे आलेले असतात.

आमच्याकडे दुसऱ्या वेळी असं चालायचं. रात्री नऊच्या सुमारास मी बाळाला पाजायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून झोपायचे. त्यानंतर बाळ नवऱ्याकडे. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं सगळं त्याने करायचं. मधे भूक लागली तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. पहाटेची पाळी सासूबाईंची, कारण त्या तशाही लवकर उठायच्या.

आईचं काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चांगलं राहतं. आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवूच नका. दूध गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवून कोमट करायचं. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर ही व्यवस्था आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून मगच ठरवा.

इथे एक फसगत होते. घरचे मदतीला येतात आणि बाळाला मांडीवर घेऊन बसतात, आणि बाळंतीण उठून सगळ्यांसाठी चहा ठेवते. मदत कशाला म्हणायचं हे ठरवताना एवढंच पाहा, की या माणसाच्या येण्याने तिचं कोणतं काम कमी झालं? उत्तर सापडत नसेल तर तो पाहुणा आहे. पाहुण्यांना बारशाला बोलवा, पहिल्या पंधरवड्यात नको.

४. खोली, जेवण आणि सव्वा महिन्याचे नियम

जुन्या रीतींमध्ये बाळंतिणीला विश्रांती होती, तेलमालिश होती, गरम खाणं होतं, आणि ते सगळं खरोखर चांगलं आहे. अळिवाची खीर, खोबरं, तूप-मेतकूट-भात तिला आवडत असेल तर जरूर द्या. पण पाणी तोडणं, भाज्या बंद करणं, खिडक्या लावून अंधारात ठेवणं, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणं, हे थांबवा. शेगडीच्या धुराने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. रोज थोडं ऊन, थोडी मोकळी हवा आणि अंगणात किंवा सोसायटीत एखादी चक्कर एवढं तिला मिळू द्या. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील त्या बेताने.

लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. बहुतेक घरांत महिनाभरात त्या कपाटात जातात. अंगात रक्त कमी असेल तर थकवा येतो, चिडचिड होते, आणि मग ते नैराश्य आहे की अशक्तपणा हेही नीट कळत नाही.

५. पहिले दोन आठवडे रडू येणं आणि त्यानंतरचं रडू येणं

प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसापासून निम्म्याहून जास्त बायकांना कारण नसताना रडू येतं. हसता हसता डोळे भरतात, बारीकसारीक गोष्ट मनाला लागते. शरीरातले संप्रेरक झपाट्याने खाली येतात, त्यात जागरण आणि दुखणं. हे दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. या दिवसांत जवळ बसा, डोक्यावरून हात फिरवा, तिला झोपू द्या. औषध लागत नाही.

दोन आठवडे उलटूनही पुढचं काही दिसलं, किंवा मधे बरी होऊन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागलं, तर डॉक्टरकडे न्यायचं:

- बहुतेक सगळा दिवस उदास, कशातच मन लागत नाही, बाळाकडे पाहूनही काही वाटत नाही
- बाळ गाढ झोपलंय, घर शांत आहे, तरीही तिला झोप लागत नाही
- ‘मी चांगली आई नाही’, ‘माझ्यामुळे बाळाचे हाल होतात’ असं पुन्हा पुन्हा म्हणते
- बाळाला काहीतरी होईल या भीतीने सतत श्वास तपासते, कोणाच्या हातात देत नाही
- किंवा उलट, बाळाला घ्यायचंच टाळते
- छातीत धडधड, डोकं जड, अंग दुखतंय अशाच तक्रारी सांगते, मनाचं काहीच बोलत नाही

शेवटची खूण आपल्याकडे फार दिसते. बायका ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाहीत. ‘अंगात त्राणच नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘जीव घाबरतो’ असं म्हणतात. त्यांना शक्तीची गोळी आणून दिली जाते आणि विषय तिथेच संपतो.

रागाकडेही लक्ष ठेवा. मी पहिल्या वेळी रडायचे कमी आणि चिडायचे जास्त. भांडी आपटायचे. नैराश्यातलं माणूस कोपऱ्यात बसून रडतंच असं नाही, त्यामुळे माझं दुखणं बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही.

६. वाट पाहायची नाही अशी लक्षणं

ही वेगळी पायरी केली, कारण इथे तासांचा प्रश्न असतो.

हजारात एक-दोन बायकांना प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, तीव्र मनोविकार होतो. दोन-दोन रात्री न झोपताही ती थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच बाळाच्या जिवावर उठलेत असं वाटतं, बाळात देव किंवा दैत्य दिसतो. पूर्वी दोन टोकांच्या मनःस्थितीचा आजार (बायपोलर) झालेल्या बाईला हा धोका बराच जास्त असतो. ही वैद्यकीय तातडी आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. उपचाराने यातून बायका पूर्ण बऱ्या होतात.

देवऋषी, भगत, उतारा यांत एक रात्रही घालवू नका. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून तिला मारणं, कोंडणं, धुरी देणं हा छळ आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुलदैवताला नवस बोलायचा असेल तर तो दवाखान्याच्या वाटेवर बोला.

‘मी नसलेलीच बरी’, ‘मला संपवून टाकावंसं वाटतं’, ‘बाळाला काहीतरी करून बसेन’ असं ती म्हणाली, तर तिला आणि बाळाला एक क्षणही एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा, रॉकेल कुलपात जाऊ द्या. गच्चीची किल्ली काढून घ्या. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारलं म्हणून तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरचेही फोन करून ‘आता काय करू’ विचारू शकतात. हा क्रमांक आजच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका.

७. कसं विचारायचं आणि काय बोलायचं नाही

चार माणसांत विचारू नका. ती पाजत असताना, दुसरं कोणी नसताना, शेजारी बसून विचारा: ‘गेल्या महिन्याभरात सारखं उदास, निराश वाटतंय का गं?’ आणि ‘पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन रमत नाही असं होतंय का?’ हे दोन प्रश्न पुरतात. एकालाही ‘हो’ आलं तर पुढची पायरी घ्यायची. आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

घरात आवरायची वाक्यं पुष्कळ आहेत. ‘आम्ही चार-चार वाढवली, आमच्या वेळी नव्हती ही थेरं.’ ‘इतकं गोड बाळ झालंय, आणखी काय हवं?’ ‘रडू नकोस, दूध आटेल.’ ‘दूध पुरतंय ना? फारच बारीक दिसतंय हो.’ हे शेवटचं वाक्य मला दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी मी नापास झाल्यासारखं वाटायचं. दुधाबद्दल शंका असेल तर बाळाचं वजन करून या. वजन नीट वाढत असेल आणि बाळ दिवसाला सहा-आठ वेळा लघवी करत असेल तर बहुधा दूध पुरतं आहे.

त्याऐवजी साधं बोला. ‘तू दमली आहेस, बाळाला माझ्याकडे दे.’ ‘तुझी यात काही चूक नाही.’ ‘हे दुखणं आहे आणि यातून माणसं बरी होतात.’ माझ्या सासूबाईंनी एकदा, स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना, त्यांच्या पहिल्या बाळंतपणात त्या विहिरीकडे बघत बसायच्या हे मला सांगितलं. पन्नास वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला जेवढा आधार वाटला तेवढा कोणत्याही सल्ल्याने वाटला नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईकडेही अशी आठवण असू शकते. असेल तर तिला ती सांगू द्या.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हाच धागा धरून काम केलं. नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींबरोबर तिथे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांना ‘सखी’ म्हटलं, आणि त्या गर्भारपणापासून घरी जाऊन बोलत राहिल्या. सखीच्या भेटी मिळालेल्यांमध्ये आजारातून बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तुमच्या गल्लीत अशी ऐकून घेणारी बाई असेल तर तिला आठवड्यातून एकदा बोलवा.

८. दहा प्रश्नांची चाचणी

‘एडिनबरो’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतात, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. अनेक ठिकाणी तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची दाट शक्यता धरतात. काही डॉक्टर दहापासूनच सावध होतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर बेरीज न पाहता त्याच दिवशी डॉक्टर.

सासू किंवा नवरा खांद्यावरून वाचत असताना ही भरू नये, कारण मग सगळी उत्तरं ‘छान आहे’ अशीच येतात. आणि ही फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टर करतात.

९. डॉक्टरकडे नेणं

कोणाकडे? ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे प्रसूती झाली त्यांच्याकडून सुरुवात करा किंवा थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग असतो, मोठ्या शहरांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतो, गोव्यात बांबोळीला आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आठवून घाबरू नका. बहुतेक बायकांना दाखल व्हावंच लागत नाही.

वही आणि कागदांची पिशवी बरोबर घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी मागून घ्या. प्रसूतीनंतर काही जणींची थायरॉइड ग्रंथी बिघडते आणि तेव्हाही अशाच तक्रारी असतात. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. सोबत कोणी हवं का, ते तिला विचारा, तुम्ही ठरवू नका.

सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसं होतं. त्रास जास्त असेल तर गोळ्या. ‘अंगावर पाजतेय, गोळ्या कशा घ्यायच्या?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, म्हणून पाजत असल्याचं डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा. पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधं आहेत. सर्ट्रालीन हे त्यांतलं नेहमी वापरलं जाणारं; ते दुधात फार थोडं उतरतं. दुसऱ्या कोणाची उरलेली पट्टी मात्र कधीही देऊ नका. काही मनोविकारांवरच्या औषधांना पाजताना वेगळी काळजी लागते.

गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. खरी फसगत त्यानंतर होते: ती हसू-बोलू लागते आणि घरचे म्हणतात, ‘आता कशाला त्या गोळ्या?’ बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त औषध घ्यावं लागतं, आणि बंद करतानाही हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने.

दाखल करायची वेळ आलीच तर हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नसतं. मुलाला धोका असेल असं डॉक्टरांना वाटलं तरच तात्पुरतं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा खास कक्ष २००९ पासून आहे. विमा कंपनीलाही याच कायद्याने शारीरिक आणि मानसिक आजारात भेद करता येत नाही.

१०. सव्वा महिन्यानंतर: हाच खरा कसोटीचा काळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. मालिशवाली बाईही त्याच सुमारास थांबते. बाळंतीण माहेरहून सासरी किंवा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवर येते, नवऱ्याची रजा संपलेली असते, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ ती आणि बाळ दोघंच. आशाताईंच्या पुढच्या फेऱ्या तीन महिन्यांपासून दर तिमाहीला असतात, मधे पोकळी राहते.

ती पोकळी अशी भरा. निघायच्या आधी माहेरच्यांनी सासरच्यांना सगळं समजावून द्यायचं: रात्रीची व्यवस्था काय होती, कशाने तिला बरं वाटतं, कशाने ती बिथरते. वही सोबत पाठवायची. माहेरहून आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दिवसा काही तास तरी घरात दुसरं माणूस हवं. पैसे देऊन ठेवलेली बाई असेल तर ती बाळाला सांभाळायला की धुण्या-भांड्यांना, ते बाळंतिणीला विचारून ठरवा. अनेकींना बाळ स्वतःकडे हवं असतं आणि बाकीचं घर दुसऱ्याने पाहावं असं वाटतं.

बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या असतात, मग नवव्या महिन्यात. ती तारीख कार्डावर लिहिलेलीच असते आणि कोणी चुकवत नाही. त्याच तारखेला आईचीही चौकशी करायची, सातव्या पायरीतले दोन प्रश्न विचारायचे आणि वहीत लिहायचं. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

नोकरी करणारीसाठी: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी मातृत्व रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळण्याची तरतूद आहे. डॉक्टरांकडून दाखला वेळेत घ्या. कामावर रुजू होण्याच्या आधीचे पंधरा दिवस पुन्हा जपण्याचे असतात.

मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेल्या आयांनी परतण्यापूर्वी तिथलं एक तरी मदतीचं माणूस पाहून ठेवावं. अमेरिकेत मातांसाठी १-८३३-८५२-६२६२ ही चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे.

११. नवऱ्यासाठी थोडं

आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहणं तुमचं काम आहे. ‘बाळाला पावडरचं दूध द्या’, ‘गोळ्या बंद करा’ असं घरातून आलं की उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका. संध्याकाळी घरी आलात की मोबाइल ठेवण्याआधी बाळ घ्या. शरीरसंबंधांची घाई करू नका, ती तयार होईपर्यंत थांबा. आणि तुम्हालाही झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, दारूकडे हात जात असेल तर तुम्हीही डॉक्टरला भेटा. बापांनाही नैराश्य येतं, आणि घरात एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते.

१२. पुढचं मूल ठरवताना

एकदा हे होऊन गेलं असेल तर दिवस राहण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. गोळ्या चालू असतील तर चाचणी ‘हो’ आली म्हणून त्याच दिवशी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत जुना आजार सांगा आणि कार्डावर लिहून घ्या, कारण प्रसूतीच्या रात्री कामावर असलेले डॉक्टर वेगळे असू शकतात. जुनी वही जपून ठेवा. मागच्या वेळी त्रास कितव्या आठवड्यात सुरू झाला ते तिच्यात सापडेल आणि या वेळी त्या आठवड्यात घरात कोण असेल ते आताच ठरवता येईल.